शुभाताईंचं दुसरं दार

माइक बंदच केला त्यांनी. मी बोलतेय, तोंड हलतंय, आवाजच नाही. कडेवर स्वरा रडायला लागली, पहिल्या रांगेत आमचे हे पांढरेफटक, आणि स्टेजवरून ह्यांचे साहेब हसून म्हणाले, "वहिनींना रडू आवरत नाहीये, बसवा त्यांना." शोकसभा होती शुभाताईंची, इथं परदेशात, स्लोटरडाइक भागातल्या एका हॉलमध्ये. पण आधी ताई कोण ते सांगते, नाहीतर तुम्हीपण म्हणाल, बाईचं डोकं फिरलं.

ताई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या त्या हळदीकुंकवाला. विधवा म्हणून त्यांना कुणी बोलवायचं नाही, मी बोलावलं. बायका एकमेकींच्या साड्या बघतायत, आणि ह्या चपला काढायच्या आधीच विचारतात, "दुसरं दार कुठंय गं?"

"ताई, फ्लॅट आहे, एकच दार."

"मग पॅसेजमधली ही सायकल काढ आधी. पोर घेऊन पळणार कुठून?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीपण हसले.

नंतर कळलं. ताई पुण्याच्या इंजिनियर. इथली एक संस्था लढाई संपलेल्या खेड्यांत पडलेल्या शाळा परत बांधते, तिचे नकाशे ताई काढायच्या. पहिल्याच गावात त्यांनी एक वर्ग बघितला होता. दार एकच, बॉम्ब त्या दारावरच पडलेला. पोरं आत होती. तेव्हापासून प्रत्येक वर्गाला दोन दारं. म्हणायच्या, "रंग नंतर, बाक नंतर. आधी पळता आलं पाहिजे."

माझी शाळा दहावीत सुटली, आत्याचा मुलगा म्हणून लग्न झालं आणि इथं आले. इथल्या मराठी मंडळातल्या बायका माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं बोलतात. ताई मात्र नकाशा पसरून विचारायच्या, "तू आई ना? सांग, पोरगी कुठं बसवशील?" मी दाराजवळ बोट ठेवायचे. "पास!" म्हणायच्या.

मग एका नव्या शाळेचा फोटो आला. मागची भिंत अख्खी, तिच्यावर पवनचक्की, ट्युलिप, खाली देणगी देणाऱ्यांची नावं. पुढं पोरं हसतायत. ताईंनी फोटोवर नख टेकवलं. "इथं माझं दार होतं."

भांडल्या त्या. आमच्या ह्यांचे साहेबच संस्थेचे अध्यक्ष. ते म्हणाले, "ताई, लढाई संपलीय आता. लोकांना दाखवायला काहीतरी लागतं." मग मीटिंगला बोलावणंच बंद. मग आजारपण. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाल्या, "मला ते किरकिरी म्हातारी म्हणतात गं. दाराचं तू सांग त्यांना."

"माझं कोण ऐकणार ताई?"

"स्वराला कडेवर घे. पोर दिसलं की दार आठवतं माणसाला."

नाही आठवलं, ताई. शोकसभेत साहेबांनी पडद्यावर पुढची शाळा दाखवली. नाव ताईंचं. नकाशा तोच, एका दाराचा. आणि मागच्या भिंतीवर ताईंचा हसरा चेहरा काढणार, पार छतापर्यंत. लोक टाळ्या वाजवत होते. मी कधी उठले, माइक कसा घेतला, काही आठवत नाही. "तिथं दार पाहिजे, त्यांचं तोंड नको," एवढंच म्हणाले.

परतताना ट्रेनमध्ये आमचे हे एकच वाक्य बोलले. "इथं राहायचं माझं परमिट ह्याच नोकरीवर आहे, तुला माहीत होतं." माहीत होतं. सोमवारी साहेबांनी दोघांना बोलावलंय. हे म्हणतात माफी माग, शुद्धीवर नव्हते म्हण, संपव. माफी मागितली तर आमचं घर राहील, आणि ती भिंत पण राहील. तिकडच्या आया पोरं आत सोडतील, आणि दार पाहिजे तिथं ताई हसत असतील.

तुम्हालाही लेकरं असतील. सांगा ना, तुम्ही काय केलं असतं?