मंगळवेढ्याच्या काकांचं सुतक

सरकारी हुकुमातल्या एका इंग्रजी वाक्याचा मी मराठी तर्जुमा केला तो असा : ‘आरोपीने सत्य सांगावे यासाठी चौकशीत त्यास आवश्यक तेवढा शारीरिक आग्रह करण्यात येईल.’ ‘आग्रह’ हा शब्द सुचला तेव्हा मला इतका आनंद झाला की कचेरीतल्या माठातलं दोन भांडी पाणी प्यालो. ‘मार’ म्हणावं तर सरकारला वाईट वाटणार, आणि सरकारला वाईट वाटलेलं मला सोसत नसे. हुकूम चावडीच्या भिंतीवर लागला. दुसऱ्या दिवशी आमचा न्हावी वस्तरा परजत म्हणाला, “सरकारनं पंगत घातलीया म्हनं? आग्रेव लई हाय म्हनत्यात.”

सोलापुरात त्या उन्हाळ्यात लष्करी कायदा होता. पांढरी टोपी दिसली की टोपी बाहेर आणि डोकं आत, असा साधा सोपा कारभार. मी कचेरीत दुभाषा होतो, म्हणजे दोन्ही भाषांत गप्प बसण्याचा पगार घेत होतो.

अशात आमच्या शेजारच्या तेलुगू विणकराला धरून नेलं. चौकीवर दगड पडले त्यात तो होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्या दुपारी तो आपल्या मागावर बसला होता; त्याची खटखट साऱ्या गल्लीनं ऐकली होती. ऐकली मीही होती.

त्याची बायको आमच्या पायरीशी आली. “अण्णा, तुमी कचेरीत हाय की. त्यांनी कायबी केलं न्हाय. सायबाला सांगा की.”

“सांगतो,” मी म्हणालो. नळाला पाणी कधी येईल असं विचारल्यावर म्युनिसिपालटीतले म्हणतात, तसं.

तीन दिवस आग्रह झाल्यावर त्यानं एका कागदावर अंगठा उठवला. कागदावर सहा नावं होती, सहाही आमच्या गल्लीतली. पण कायदा मोठा न्यायी. मारून घेतलेली जबानी तो तशीच चालवून घेत नसे, तिच्यावर देवाचा शिक्का मागे. धर्माच्या माणसासमोर, धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ झाली, तरच ती पुरावा. मग त्या सहाजणांचीही पंगत बसणार होती.

म्हणून देवळातल्या कीर्तनकार बुवांना बोलावणं गेलं. दम्याचे बुवा, बगलेत उपरण्यात गुंडाळलेली गीता. हवालदार म्हणाला, “बुवा, ह्याच्या हातावर ठेवा, व्हय म्हनवा आन् जावा घरला. लई पवित्र काम हाय.”

बुवांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. त्याला धड उभं राहता येत नव्हतं. भिंतीला टेकावं तर पाठ टेकवत नव्हती. बुवांनी उपरण्याची गाठ सोडली होती ती परत मारली.

“याला सोडा. आंघोळ करू दे, जेवू दे, रात्रभर झोपू दे. मग मी देवळात विचारतो. बांधून मारलेल्या माणसाच्या हातावर पोथी ठेवली, तर खोट्या शपथेचं पाप त्याला नाही लागायचं. मला लागेल.”

चौकशीच्या गोऱ्या साहेबानं मला विचारलं, काय म्हणतो? मी इंग्रजीत सांगितलं, बुवांची प्रकृती बरी नाही.

बुवांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं. “नीट सांगा हो. नाही म्हणतोय, असं सांगा.”

सांगितलं. घाम पुसला.

साहेबाच्या लेखी देव कुठलाही चालण्यासारखा होता, पुस्तक जाड असलं म्हणजे झालं. त्यानं मशिदीतल्या मौलवींना बोलावलं. ते दारातूनच म्हणाले, “नक्को साब. मार को कसम खिलाते क्या? अल्ला कू तुमारे डंडे का गवाह नै बनाता मैं.” याचा तर्जुमा करावा लागला नाही. ते पाठ फिरवून निघालेसुद्धा.

मग साहेबाची नजर खोलीभर फिरली आणि माझ्या शेंडीवर थांबली. “तू ब्राह्मण ना? घरात गीता असेलच. उद्या आण, तूच शपथ दे.”

शेजारी माझ्याकडे बघत होता. माझ्या जिभेवर ‘नाही’ आलं होतं, देवाशपथ आलं होतं. पण बाहेर पडलं ते असं : “साहेब, मला सुतक आहे. मंगळवेढ्याचे चुलते वारले. दहा दिवस मला पोथीला शिवता येत नाही.”

“खरं हाय सायेब,” ‘सुतक’ एवढा शब्द कळून हवालदार भक्तिभावानं म्हणाला. “सुतकात शिवलं तर पोथी बाटती. शपथ फुकाट जाती.” याचा तर्जुमा मी लगेच केला.

साहेबानं काकांसाठी हॅट काढली आणि शपथ दहा दिवस पुढे ढकलली. काका त्या वेळी मंगळवेढ्यात कडब्याची गंजी रचून घेत, गड्यांना शिव्या देत, ठणठणीत उभे होते.

हवालदार आमच्याच गल्लीत राहायचा. त्यामुळे सुतक पाळावं लागलं. दाढी बंद, देवपूजा बंद, गोडाचं बंद. न्हावी दारावरून जाताना मान हलवून हळहळायचा. गल्लीतल्या बायका समाचाराला आल्या आणि माझ्या बायकोनं एकाही शब्दानं मला उघडं पाडलं नाही. नुसती माझ्याकडे बघायची.

आठव्या दिवशी साहेबाची बदली झाली. बिनशपथेचा कागद नव्या साहेबाच्या काही कामाचा नव्हता आणि कोठडीत जागा हवी होती. शेजाऱ्याला ताकीद देऊन सोडलं. सहाजण आपापल्या घरी होते ते घरीच राहिले. दोन दिवसांनी माग पुन्हा वाजायला लागला. अंग वाकडं करून बसायचा, त्यामुळे खटखट थोडी अडखळत यायची.

ती ऐकत मी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला आणि बायकोला म्हणालो, “बघ, शेवटी वाचवला की नाही मी त्याला?”

ती ज्वारी निवडत होती. सुपातून वर न बघता म्हणाली, “वाचवलात हो. पण बुवा नाही म्हणाले, मौलवी नाही म्हणाले. तुम्हाला तेवढंच म्हणायला घरातला एक माणूस मारावा लागला.”