बिनसुईचा उपाय

एखादा सोपा प्रश्न कायमचा अवघड करून घ्यायचा असेल, तर तो माझ्या चुलत सासऱ्यांच्या हवाली करावा. याहून खात्रीचा मार्ग मुलुंडपासून मालवणपर्यंत दुसरा नव्हता. प्रश्न कुणाचाही असो, तो सोडवल्याशिवाय काकांना चैन पडत नसे आणि सोडवायला घेतला की तो सुटत नसे. कारण ते सगळ्यांना विचारत. साधी प्लॅस्टिकची बादली घ्यायची, तर त्यांनी दुकानदाराला विचारलं, समोरच्या दुकानदाराला विचारलं, नळ दुरुस्त करणाऱ्याला विचारलं आणि ज्यांच्या बादल्या फुटल्या होत्या त्यांनाही गाठून विचारलं. समोरच्याचं म्हणणं त्यांना लगेच पटायचं. अडचण एवढीच, की त्याच्या आधीच्याचंही पटलेलं असायचं. शेवटी आम्ही दोन महिने तेलाच्या डब्यातून आंघोळी केल्या. तेवढ्या काळात काका रोज समाधानाने म्हणत, "म्हणजे अर्धा प्रश्न सुटला." उरलेला अर्धा माझ्या नवऱ्याने एका संध्याकाळी कामावरून येताना हातात बादली लटकावून आणून सोडवला, तर त्याच्यावर काका आठवडाभर रुसले होते.

उभी हयात त्यांनी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढली. लग्न केलं नाही, म्हणजे करायचं होतं, पण मुलीबद्दल चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या मुलीचा मुलगा शाळेत जायला लागला होता. गिरणी बंद पडली तेव्हा ते गिरणगावातली खोली सोडून मुलुंडला आमच्या दोन खोल्यांत राहायला आले. आले ते सुनेशी थेट बोलायचं नाही हा जुना दंडक घेऊनच. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात आमचा माठ होता. काका जे काही सांगायचं ते माठाला सांगत. "चहा बरा झालाय. साखर घातली असती तर आणखी बरा झाला असता," असं ते माठाकडे बघून म्हणाले, की मी आतून साखरेचा डबा पुढे सरकवायची. हळूहळू मलाही सवय लागली आणि मीही माठालाच उत्तर द्यायला लागले. माझ्या आईने पहिल्यांदा हा संवाद ऐकला, तेव्हापासून ती आमच्याकडे आली की शेजारून पाणी मागून प्यायची.

तर अशा माणसाच्या हाती माझा प्रश्न गेला, तो कसा, ते सांगते. मला सुईची भीती वाटायची. शिवणाच्या सुईची नव्हे, डॉक्टरांच्या. शाळेत लस टोचायला माणसं आली की मी फळ्यामागे जाऊन उभी राहायची आणि फळ्याखालून माझे पाय सगळ्या वर्गाला दिसायचे. लग्न ठरवताना मुलीला काय काय येतं ते विचारतात, कशाकशाची भीती वाटते ते कुणी विचारत नाही, म्हणून निभावलं. पण दिवस राहिले आणि बिंग फुटलं. नर्सिंग होममध्ये धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला तिघीजणींनी मला धरलं आणि त्यातल्या आयाबाईंच्या मनगटाला मी चावले. डॉक्टरीणबाईंनी सुई ठेवली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कळा सहन होणार नाहीत म्हणतेस, इंजेक्शनही नको म्हणतेस. मग बाळ काय पोस्टाने मागवायचं? ऐन वेळी सलाइन लावायची पाळी आली तर मी कुणाकुणाला चावून घेऊ? आत्तापासून मनाची तयारी कर, नाहीतर दुसरं हॉस्पिटल बघ."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईच्या पायाचं हाड मोडलं होतं आणि तीच अंथरुणाला खिळली होती. मी घरी येऊन रडले. कळांची आणि सुईची, दोन्हींची मला सारखीच भीती वाटत होती आणि त्या दोन भीतींच्या मधून बाळ बाहेर कसं येणार हे समजत नव्हतं. नवरा म्हणाला, "अगं, सगळ्या बायकांचं होतं, तुझंही होईल." आणि भांडुपला कारखान्यात सेकंड शिफ्टला निघून गेला. बाहेरच्या खोलीत काकांना हे सगळं ऐकू गेलं होतं. मग काका माठाला म्हणाले, "सगळ्या बायकांचं होतं असं सगळे पुरुष म्हणतात. एकदा चौकशी करायला हवी." आणि पायात चपला सरकवून ते जिना उतरले.

आता बाळंतपणाची चौकशी बायकांकडे करावी हे कुणालाही कळेल. पण काका बायकांशी बोलायचे नाहीत, म्हणून त्यांनी ती पुरुषांकडे सुरू केली. गिरणीतले त्यांचे एक जुने सोबती होते, ज्यांच्या घरात पाळणा कधी रिकामा राहिलाच नव्हता. ते म्हणाले, "मला काय ठाऊक? दर वेळी मी कँटीनमध्ये होतो." तबेल्यातल्या भय्याने म्हशीला गूळ-शेपा देतात असं सांगितलं, ते काकांनी खाली मान घालून माठाला सांगितलं आणि मी आतून भांडं आपटल्यावर मागे घेतलं. औषधांच्या दुकानदाराकडून कळलं, की कमरेत एक इंजेक्शन देतात. त्याने गुंगी येते आणि कळा दुरून आल्यासारख्या वाटतात. "पण शेवटी ते इंजेक्शन," काका म्हणाले. "म्हणजे अर्धा प्रश्न सुटला."

दातांच्या डॉक्टरांनी गॅसचं सांगितलं, तेव्हा घरात दिवाळी झाली. नाकातोंडावर मुखवटा धरायचा, कळ आली की श्वास ओढायचा, गुंगी येते आणि मुखवटा बाजूला केला की उतरते. सुईचं नाव नाही! दोन दिवस मी निर्धास्त झोपले. तिसऱ्या दिवशी काकांना कुणीतरी भेटलं आणि म्हणालं, की गॅसने मळमळतं. आणखी कुणी म्हणालं, की गॅस असतो पण सिलिंडर रिकामाच असतो. मग काका नर्सिंग होममध्ये गेले आणि सिलिंडर उचलून बघू का असं विचारू लागले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हाकलून दिलं. पण काका एकदा चौकशीला लागले की छडा लागेपर्यंत थांबणारे नव्हते. त्यांनी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत मजल मारली आणि बातमी आणली, की तिथे मणक्यात सुई घालतात आणि कमरेखाली काही म्हणजे काही कळत नाही. "सुई मोठी असते," ते माठाला म्हणाले, "पण पाठीमागून असल्यामुळे दिसत नाही." मी आत मटकन खाली बसले. त्यांना तेवढा आवाज आला असावा, कारण पुन्हा तो विषय निघाला नाही.

मग होमिओपॅथीच्या गोड गोळ्या आल्या. गुण येतो का हे आधी स्वतःवर पाहायचं त्यांनी ठरवलं, पण त्यासाठी काहीतरी दुखायला हवं होतं आणि काकांचं नेमकं त्याच आठवड्यात काहीच दुखेना. डोकं दुखावं म्हणून ते दुपारभर उन्हात बसले. सर्दी झाली. ती गोळ्यांनी गेली नाही, तेव्हा गोळ्या बाद झाल्या. त्यानंतर एक दिवस ते उड्या मारायच्या बेतात घरी आले. घाटकोपरला एक गृहस्थ चिनी पद्धतीने वेदना थांबवतात, औषध नाही, गुंगी नाही, बाळाला अपाय नाही! दुसऱ्या दिवशी मला घेऊन निघाले. म्हणजे ते दहा पावलं पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात घाटकोपरच्या एका माडीवर चढली. गृहस्थांनी गोड हसून लाकडी पेटी उघडली. आत मखमलीवर ओळीने सुया मांडल्या होत्या, केसासारख्या बारीक, पण किती म्हणून विचाराल! एका सुईला भिऊन पळालेली मी, ही माझी आगीतून फुफाट्यात उडी. मी किंचाळले नाही, कारण माझ्या आधी काकाच जमिनीवर बसले होते. खाली उतरताना ते जिन्याच्या कठड्याला म्हणाले, "त्या माणसाने आधी सांगायला नको?" आणि उगीचच मला उसाचा रस पाजला. म्हणजे रसवाल्याला म्हणाले, "एक ग्लास इकडे द्या, कुणाला लागला तर."

आता डोक्यात एवढे उपाय झाले होते, की मला कशाची भीती वाटते तेच नीट आठवेना. अशातच तळमजल्यावरच्या ख्रिश्चन गृहस्थांनी काकांना श्वासाचं तंत्र शिकवलं. त्यांची मुलगी परदेशात बाळंत झाली होती आणि तिकडे म्हणे नवऱ्यालाच आत उभं करून हे शिकवतात. दोन लहान श्वास, एक लांब. काका रोज सकाळी गॅलरीत उभे राहून "हू, हू, हाऽऽ" करायला लागले. शेजारच्या गुजराती बेननी त्यांना दमा झाला असं समजून आल्याचा रस आणि मध पाठवला. ते तोही प्यायले आणि पुन्हा सुरू झाले. मी कणीक मळता मळता त्यांच्याबरोबर श्वास घ्यायची. ते मला शिकवतायत असं ते कधी म्हणाले नाहीत आणि मी शिकतेय असं मी म्हटलं नाही.

एका दुपारी तांदूळ निवडताना पोटात पहिली कळ आली. काका दारात येऊन माठाला म्हणाले, "रिक्षा आणावी काय?" मी म्हटलं, "आणावी." बेनच्या फोनवरून कारखान्यात निरोप ठेवून आम्ही नर्सिंग होम गाठलं. सिलिंडर भरलेला होता, हे मुद्दाम सांगते. मुखवटा लावून दोन-तीन श्वास ओढले आणि वाटलं, मी वर पंख्याशेजारी पोचलेय. कळ मात्र खाली पलंगावरच माझी वाट बघत होती. थोडा आराम पडत होता, नाही असं नाही. पण खरं बळ येत होतं ते दाराबाहेरच्या आवाजाने. कॉरिडॉरमध्ये माझे चुलत सासरे, चारचौघांसमोर, भिंतीकडे तोंड करून, "हू, हू, हाऽऽ" करत होते.

मग कळा मंदावल्या. डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "बाळ दमायला लागलंय. सलाइन लावायला हवं. हात दे." मी मूठ आवळून हात पाठीखाली घातला. मला सगळं समजत होतं. बाळाला काही झालं तर मी जगणार नाही हेही समजत होतं. पण हात निघत नव्हता. त्या ओरडल्या, समजावून झालं, सिस्टर म्हणाली की मुंगी चावल्यासारखं वाटेल, आणखी कुणी म्हणालं की कळणारसुद्धा नाही. मी एकीचंही खरं मानलं नाही. आयाबाई तर मनगट पदराखाली घेऊन लांबच उभ्या होत्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. "आजोबा, सून हात देत नाहीये. वेळ नाही आपल्याकडे. तुम्हीच काय ते सांगा."

काका आत आले. डोळे घट्ट मिटलेले, एक हात दाराच्या चौकटीला. तिथे बोलायला ना माठ होता ना कठडा.

"चेडवा," ते म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून मला उद्देशून त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द, गावाकडच्या मालवणीतला, 'मुली' असा. "माका उपाय गावलो नाय. किती जणांक इचारलंय, पण गावलो नाय. सुई टोचतली. दुखतला. माका खोटा सांगूक येणा नाय. पण बाळ दमला हा गो. हात दी. मी हंयच आसंय."

मी हात दिला. सुई दुखली, चांगलीच दुखली, त्यांनी सांगितलं होतं तशीच. पण मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या महिन्यांत सगळ्यांनी मला धीर दिला होता, खरं मात्र या एकाच माणसाने सांगितलं. त्यांच्यावर माझा त्या क्षणी जेवढा जीव जडला, तेवढा सख्ख्या वडिलांवरही नसेल. पुढे सलाइनमधल्या औषधाने कळा अशा काही उसळल्या, की मुखवटा कुठे पडला आणि श्वास कुठे गेला, मला पत्ता नाही. मी गुरासारखी ओरडले. आणि दिवेलागणीला मुलगी झाली, रडकी, लालबुंद आणि धडधाकट.

सिस्टर बाहेर सांगायला गेली आणि हसत परत आली. "अगं, मुलगा की मुलगी ते विचारतच नाहीत तुझे सासरे. सारखं एकच, तिला फार दुखलं काय?"

मी म्हटलं, "त्यांना सांगा, अजिबात नाही."

त्यांनी माझं ओरडणं कॉरिडॉरमधून ऐकलेलंच होतं. तरी माझं म्हणणं त्यांना लगेच पटलं. पुढे सोसायटीत कुणाला दिवस गेले की तिचा नवरा काकांकडे सल्ल्याला यायचा आणि काका सांगायचे, "आमच्या सुनेला काही दुखलं नाही. कसं ते विचारू नका, मलाही नीट कळलेलं नाही." बायका माझ्याकडे जळफळून बघायच्या. मी कधी खुलासा केला नाही.

आता काका नाहीत. शेवटचे दोन दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते आणि गेले तेव्हा मी नेमकी औषधं आणायला खाली उतरले होते. वर आले, तोवर चादर ओढलेली होती. सगळे पुढच्या तयारीचं बोलत होते. मी तिथल्या तरुण डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि विचारलं, "त्यांना फार दुखलं का हो?"

डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही."

इतक्या पटकन म्हणाले, की मी पुढे काही विचारलं नाही. ते मी खरं धरून चालले आहे.