खांब आणि माझं कपाळ

"उठू नकोस." मैदानात कोणी पडलं की आमचे सर हाताचा पंजा पुढे करून धावत येत आणि एवढंच म्हणत. तुम्ही पाहिलं असेल, खेळात पडलेल्याला उठवायची सगळ्यांना कोण घाई असते. पाठीवर थाप, डोक्यावर पाणी, झालं. सर मात्र शेजारी मातीत बसून त्याला काहीतरी फुटकळ प्रश्न विचारत राहायचे.

दांडिया बाजारजवळच्या व्यायामशाळेत त्यांनी आम्हाला खो-खो शिकवला. पुढे आम्ही कारेलीबागेत फ्लॅट घेतले, पोटं वाढवली, पण वार्षिकोत्सवातला विवाहित विरुद्ध अविवाहित सामना काही सोडला नाही.

त्या वर्षी बायको पहिल्यांदाच बघायला आली होती. मग मी साधं कसं खेळणार? गडी खांबाला वळसा घालत होता. मी विशीत असल्यासारखा सूर मारला. गडी बाद झाला, पण माझं कपाळ खांबावर आपटलं.

"कंई नथी थयुं, ऊभो था," म्हणत एका गुजराती मित्राने मला उभंही केलं. मी टाळ्या स्वीकारत होतो, तेवढ्यात सर आले.

"तू कोणाकडून खेळतोयस?"

"अविवाहितांकडून."

सगळं मैदान खो खो हसलं. मला काहीच कळलं नव्हतं. पण लोक हसताहेत म्हणजे मी विनोद केला असणार, म्हणून त्याचं श्रेयही घेऊन टाकलं. माझ्या विनोदाला एवढं हसू त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

सर हसले नाहीत. हा आता खेळणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मी चिडलो आणि चारचौघांत त्यांना म्हणालो, तुम्ही म्हातारे झालात.

"झालो खरा. बेस ने आता," म्हणत त्यांनी मला खाली बसवलं.

दवाखान्यात जाताना रिक्षातच उलट्या सुरू झाल्या. डोक्यात थोडा रक्तस्राव झाला होता. खेळत राहिलो असतो आणि आणखी एक दणका बसला असता, तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी बरा होईपर्यंत सर रोज घरी येत आणि आल्या आल्या टीव्ही बंद करत. मी काही गमतीचं बोललो की बायकोला विचारत, "हा नेहमी असंच बोलतो ना?" ती हो म्हणाली की मगच चहाला हात लावत.

सर यंदा गेले. फार पोरकं वाटलं. शोकसभेत मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि लोक पुन्हा हसले. जागेवर येऊन बसलो, तर बायकोने माझा हात घट्ट धरला.

"त्या दिवशी मीपण हसले होते रे," ती म्हणाली.