दाखल्यातला 'कारण' हा रकाना

घरी येऊन तास झाला, पण मन लागत नाहीये. म्हणून तुमच्याशी बोलतेय.

लवळ्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मला एकोणीस वर्षं झाली. क्लार्क म्हणून लागले, आता अधीक्षक आहे. आज सकाळी जवळच्याच गावातले एक शेतकरी आले. मुलीची मूळ कागदपत्रं न्यायची होती. शेवटच्या वर्षाला होती ती. दोन महिन्यांपूर्वी अपघातात गेली.

कागद परत द्यायचे तर आधी दाखला काढावा लागतो. त्यात 'कॉलेज सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. मी नुसती पेन धरून बसले.

शेवटी तेच म्हणाले, "म्याडम, शिक्षान पुरं झालं, असं लिवता येतंय का? एकच परीक्षा ऱ्हायली व्हती."

"नाही हो दादा, तसं नाही लिहिता येत."

"व्हय, व्हय. खोटं नगं," ते घाईघाईनं म्हणाले, चूक त्यांचीच असल्यासारखे.

मी 'निधन' लिहिलं आणि शिक्का मारला.

मग त्यांनी विचारलं, "तिचा वर्ग कुटं हाय?"

मी त्यांना वर घेऊन गेले. तास चालू होता. ते दाराबाहेरूनच पोरींकडं बघत राहिले. आत या म्हटलं, तर म्हणाले, "नगं, त्यांचं शिकनं मोडल." आणि जिना उतरून गेले.

नियमाप्रमाणे मी बरोबरच वागले. तरी डबा तसाच परत आणलाय.

ऑफिसात असली कामं करणाऱ्यांनो, खरं सांगा, दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत जाऊन कसं बसता?