मालकीणकाकूंच्या मांजरीचं ताट

मालकीणकाकूंच्या इमारतीत अंड्याला बंदी होती, कोंबडीला नव्हती. भाडेकरूने खोलीत ऑम्लेट केलं तर त्याच दिवशी त्याचं सामान जिन्यात यायचं. आणि गच्चीवर मात्र वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात रोज कोंबडीचा रस्सा रटरटत असायचा. तो ठमीसाठी. ठमी म्हणजे काकूंची मांजर. पांढरी, ढेरपोटी, आणि आम्हा भाडेकरूंकडे भाडं थकल्यासारखी बघणारी.

चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी तळवड्यात त्यांच्याकडे खोली घेतली. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी तेव्हा कुणी न विचारता सांगायचे आणि आजही सांगते. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "लई ब्येस. आन् मटण-मच्छी खाती का?"

"खाते."

"मग भाईर खायाचं. हितं न्हाई चालायचं. गळ्यात माळ हाय माझ्या."

मी ठमीच्या पातेल्याकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "तिच्या गळ्यात हाय का?"

माळ घालायच्या आधी काकूंच्या हातच्या मटणाचं गावात नाव होतं. पंगतीत रस्सा कुणी केलाय हे लोक पहिल्या घासाला ओळखायचे, असं त्याच सांगायच्या. पुढे नवरा गेला, माळ आली, आणि मुलगा-सून रावेतच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. खाणारे संपले, करणारा हात तसाच राहिला. तेवढ्यात ही मांजर सापडली. मी एकदा कौतुकाने मांजराच्या खाण्याचं विकतचं पाकीट आणून दिलं. काकूंनी ते नाकाशी धरलं. "ही काय, पेंड? घरात धडधाकट बाई आसताना लेकराला पाकिटातलं घालू व्हय?" पाकीट गल्लीतल्या कुत्र्यांना गेलं.

ठमीचा स्वयंपाक बघण्यासारखा असे. खोबरं खरपूस भाजायचं, कांदा तांबूस परतायचा, लसूण ठेचायचा. मांस पातेल्यात पडताना काकू नाकाला पदर लावून तोंड फिरवायच्या, देवाचं नाव घ्यायच्या, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तर्री आली का ते बघायच्या. "अळणी ताट फकस्त वैऱ्याफुडं ठेवत्यात," हे त्यांचं ब्रीद. अडचण एकच: माळकरी बाईने मीठ चाखायचं कसं? मग गच्चीवरून हाक यायची, "ए पदवीधर, वर ये. मीठ बघ."

म्हणजे ज्या इमारतीत अंडं उकडणं हा गुन्हा होता, तिच्याच गच्चीवर मी वाटी घेऊन कोंबडीचा रस्सा प्यायचे. एकदा मी विचारलं, "काकू, हे कसं चालतं?" तर म्हणाल्या, "तू कुटं खातीस? तू चाखतीस." मी दुसरी वाटी पुढे केली तेव्हा मात्र कायदा आठवला. "येका वाटीत मीठ कळंना? मग शिकून काय केलंस?"

सून रविवारी यायची ती स्वतःचा डबा घेऊन. "आई, तुमच्या जेवणात तेल फार. आम्हाला नाही पचत." काकू तोंडावर काही बोलायच्या नाहीत. तिची गाडी गल्लीच्या बाहेर पडली की ठमीला जवळ ओढायच्या. "खानाऱ्याला समदं पचतं. ही कदी म्हनली का, त्याल जास्ती हाय?"

ठमी म्हणाली नाही, पण एक दिवस तिने ताटाला तोंड लावायचं सोडलं. काकूंनी दृष्ट काढली. तोंडाला चव यावी म्हणून रश्श्यात लसूण वाढवला. मांजर उठेना आणि हिरड्या पांढऱ्याफटक दिसायला लागल्या, तेव्हा मीच दोघींना रिक्षात घालून निगडीला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

"खायला काय देता?" त्याने विचारलं.

काकूंनी अभिमानाने खोबऱ्यापासून तर्रीपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आजी, कांदा-लसूण मांजरासाठी विष आहे. तिचं रक्त कमी झालंय. वाचली तर यापुढे नुसतं उकडलेलं द्यायचं. मीठसुद्धा नाही."

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "आसं कसं? ही रोज चाखती की. शिकल्याली हाय!"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मी फक्त मीठ बघायचे."

परतताना रिक्षात काकू एकच वाक्य बोलल्या, "मीच घातलं की गं तिला."

ठमी डॉक्टरच्या सुया खाऊन वाचली. काकूंनी नुसत्या पाण्यात कोंबडी उकडली, ताटली पुढे ठेवली आणि अपराध्यासारख्या बाजूला उभ्या राहिल्या. ठमीने ती चाटूनपुसून खाल्ली. इतक्या चवीने तिने तर्री कधीच खाल्ली नव्हती. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून शिवी. "बग की! फुळकवणी पानी, आन् कशी वरपतीया! चवच न्हाई मेलीला." पुढे दोन दिवस त्यांनी तिच्याशी अबोला धरला. मांजरीला तो कळला नाही, हे वेगळं.

मग मी चाकणला राहायला गेले. काकूंचे गुडघे जिने चढेनात, तेव्हा मुलाने त्यांना ठमीसकट रावेतला नेलं. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले. चकचकीत ओटा, स्वयंपाकाला बाई, सगळं वाफवलेलं. "त्यांना आता काही करू देत नाही," सून मला कौतुकाने म्हणाली. "फक्त मांजरीचं तेवढं त्या करतात."

काकू ओट्याशी उभ्या राहून उकडलेल्या कोंबडीतलं हाड न् हाड वेचत होत्या. पदर नाकाला नव्हता. झाकण्यासारखा वासच उरला नव्हता. "माज्या हातचं खानारी हीच येक," त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे, भाजीचा भाव सांगावा तसं.

ठमीने ताटली संपवली. काकू गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. "वाढू का गं आनखी?" ठमीने मिशा पुसल्या आणि पाठ फिरवून सोफ्यावर जाऊन बसली.

"घे की," काकू चमचा धरून म्हणाल्या. "येक घास तरी घे."