अंगठा, तवा आणि नळी

तात्या कुठल्याही विद्यार्थ्याला नावाने हाक मारत नसत, तो जिथून यायचा त्या स्टेशनने मारत. "ए विठ्ठलवाडी, बर्नर बारीक कर." "अंबरनाथ, नळीचं तोंड स्वतःकडे नको, चेहरा एकच आहे तुला." मी 'बदलापूर' होते. वर्गात बदलापूरच्या आम्ही चौघी होतो, तरी हाक कोणाला आहे हे कळायचं, कारण चुका बहुतेक माझ्याच व्हायच्या.

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात तात्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये शिपाई होते. शिक्षण सातवी. पण त्यांची कीर्ती रसायनशास्त्रापेक्षा लोण्यासाठी जास्त होती. पावाला लावायला कुठलं बटर आणायचं, केकला कुठलं, तूप कढवायला कुठल्या डेअरीचं लोणी घ्यायचं, हे विचारायला प्राध्यापक मंडळी त्यांच्याकडे यायची. प्राचार्यांच्या बाईसुद्धा एकदा रिक्षा करून आल्या होत्या, पर्समध्ये पानात बांधलेलं लोणी घेऊन. मला त्या वेळी हे सगळं फार विचित्र वाटायचं. आमच्या घरी, बदलापूरच्या हेंद्रेपाड्याला, लोणी हा विषयच नव्हता. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर, आम्ही भावंडं चार. भाकरीवर चटणी आणि चटणीवर तेल, एवढंच आम्हाला माहीत होतं. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात जे जे दिसेल ते अभ्यासक्रमातच असेल असं मी धरून चालले होते. लोणीसुद्धा.

तात्यांच्या तीन परीक्षा होत्या: अंगठा, तवा आणि नळी. आधी लोण्याचा कण मनगटावर ठेवून अंगठ्याने पसरवायचा. पसरताना दाणा लागला तर एक गुण गेला. मग थोडं लोणी चिनी मातीच्या वाटीत घालून मंद आचेवर ठेवायचं. याला ते 'तवा' म्हणत. खाली बसलेली बेरी बदामी हवी आणि वास शेजारच्या फिजिक्सच्या लॅबपर्यंत जायला हवा. फिजिक्सचे सर दारात येऊन उभे राहिले की तवा पास. शेवटी नळी. वितळलेलं लोणी, त्यात तेवढंच कडक हायड्रोक्लोरिक ॲसिड, वर चिमूटभर साखर, आणि जोरात हलवायचं. तळाशी गुलाबी रंग उतरला की वनस्पती तुपाची भेसळ. वनस्पतीत कायद्यानेच थोडं तिळाचं तेल घालावं लागतं आणि हा रंग त्या तिळाचा, हे मला पुस्तकाच्या आधी तात्यांनी सांगितलं.

चव मात्र ते व्हरांड्यात जाऊन बघत. "लॅबमध्ये खायचं नाही, हा नियम आहे," ते म्हणत. "आणि व्हरांडा लॅबमध्ये येत नाही, हा पण नियम आहे."

लावायचं आणि शिजवायचं यात त्यांनी कधी गल्लत होऊ दिली नाही. "पाव पाहुणा आहे," ते सांगत. "त्याला पिवळं, मिठाचं बटर द्यावं, पाहुण्यासारखं. भाकरी घरची आहे, तिला पांढरं लोणी. आणि पिवळं कढईत घालणाऱ्याला मी माणूस म्हणणार नाही, करपवून ठेवतो सगळं." महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत आम्ही काही जण त्यांना भेटलो, तर ते पावभाजीच्या गाडीसमोर उभे. गाडीवाल्याने बटरच्या रिकाम्या खोक्यांची भिंत रचली होती. तात्यांनी पावावरचं बटर अंगठ्यावर घेतलं, मनगटावर पसरलं आणि गंभीरपणे मान हलवली. गाडीवाला घाबरून म्हणाला, "क्या हुआ चाचा?" तात्या म्हणाले, "खोके पास. अंदरका माल फेल." आणि तरीही दोन प्लेट खाल्ल्या.

या सगळ्या परीक्षांत वरचा नंबर कायम एकच असायचा, आक्काच्या लोण्याचा. आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. बदलापूरला मांजर्लीत नदीच्या बाजूला एकटी राहायची. आई लवकर गेल्यामुळे तात्यांना तिनेच वाढवलं होतं, तेही म्हशीच्या दुधावर आणि दारोदार लोणी विकून. त्यांची सातवी तिच्या लोण्यावर झाली होती. दर सोमवारी तिच्याकडून स्टीलच्या डब्यात, पाण्यात बुडवलेला लोण्याचा गोळा यायचा. मी बदलापूरची म्हटल्यावर तो डबा आणायचं काम पहिल्याच महिन्यात माझ्याकडे आलं. डब्यावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर रसायनशास्त्राच्या मॅडमकडून लिहून घेतलेलं एका शब्दाचं लेबल: स्टँडर्ड. गावातलं कुठलंही लोणी याच्याशी ताडून बघायचं. प्राध्यापकांना चमचा चमचा मिळायचं. मला व्हरांड्यात पहिल्यांदा भाकरीवर मिळालं तेव्हा मी एवढी गप्प झाले की तात्या म्हणाले, "बदलापूर, रडतेस की काय? लोणी आहे, कांदा नाही."

आणि शेवटच्या नंबरावर असायचा गुलाबी शेठ. हे नाव तात्यांनीच ठेवलं. बाजारात शेठची डेअरी होती. माझ्या आधीच्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या लोण्याला नळीत रंग आला होता. शेठ धावत लॅबमध्ये आले होते म्हणे. "वडी साईं, उसी परात में तिल के लड्डू बने थे! हाथ को तेल लगा था! फिर से देखो ना!" पण तात्यांनी पुन्हा नळी लावली नाही. "एकदा गुलाबी ते कायम गुलाबी," एवढं बोलून ते बाटल्या पुसायला लागले. त्या दिवसापासून कॉलेजातलं एकही माणूस शेठकडे लोण्याला गेलं नाही.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी मला प्रदर्शनासाठी प्रकल्प दिला: बाजारातील लोण्यातील भेसळ. मला इतका आनंद झाला होता की मी पुस्तकातलं ते पान पाठच केलं. पाच दुकानांतून पाच नमुने आणले. तात्या म्हणाले, "गुलाबी शेठकडे फिरकू नकोस. हायड्रोक्लोरिक फुकट जाईल." पण पुस्तकात लिहिलं होतं की दुकानं निवडताना मनात आधीच काही धरू नये, म्हणून मी गेले. पुस्तकात हेही लिहिलं होतं की शुद्ध नमुन्याची चाचणी सोबत करावी. म्हणून सहाव्या नळीत मी डब्यातलं लोणी घातलं. तोवर ते कोणी केलंच नव्हतं. स्टँडर्डला कोण तपासणार?

शनिवारची दुपार होती, लॅबमध्ये आम्ही दोघंच. तात्या भिंतीकडे तोंड करून फ्लास्क विसळत होते. मी सहा नळ्या हलवल्या आणि स्टँडवर ठेवल्या. शेठची नळी स्वच्छ राहिली. सहावी गुलाबी झाली.

मला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. मी सगळं धुतलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा साखर टेबलावर सांडली. तेव्हा तात्यांनी वळून बघितलं.

"काय झालं?"

"माझं काहीतरी चुकतंय, तात्या."

त्यांनी सहावी नळी उजेडात धरली. "नळी धुतलीस?" "तीनदा." "हायड्रोक्लोरिक जुनं असेल." त्यांनी नवी बाटली फोडली, स्वतःच्या हाताने केलं. नवीन बाटलीत तर रंग जास्तच छान आला. मग ते म्हणाले, "आक्का डोक्याला तिळाचं तेल लावते. हाताला राहिलं असेल, ते..." आणि तिथेच थांबले. हे वाक्य याच लॅबमध्ये आधी कोणीतरी बोललं होतं, हे आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं असणार.

ते स्टुलावर बसले. मला वाटलं, मी पुस्तकातलं ते एक वाक्य गाळलं असतं तर काय बिघडलं असतं? प्रकल्पाला पाच नमुनेही चालले असते. मी तसं म्हणाले. त्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या मांजर्लीला येतो. तू पण चल. मला एकट्याला विचारवणार नाही."

रविवारी आम्ही गेलो. मी एवढे दिवस पुढच्या दारातून डबा घेऊन जात होते, मागे कधी गेले नव्हते. तात्या सरळ मागे गेले. गोठ्यात म्हैस नव्हती. दावणीच्या जागी सरपण रचलेलं होतं आणि भिंतीवर गुडघ्याच्या वर पुराच्या पाण्याची रेघ होती.

"आक्के, म्हैस कुठाय?"

"चरायला गेलीय," आतून आवाज आला.

"भाऊबीजेला पण चरायलाच गेली होती!"

आक्का हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि एकदम भडकली. "इकली! पूर आला त्या साली इकली. गोठा पडला, माझं गुडघं गेलं, कोण करील तिचं? तू येणार होतास शेण काढायला?"

"मग हे लोणी?"

"पिशवीचं दूध घेतंय. त्याच्यावर साय येते ती तुझ्या मिशीला पुरंल येवढी. ती घुसळून निघंल ते लोणी, बाकीचा गोळा वनस्पतीचा. डबा भराया नको?"

"पण सांगायचंस ना!"

"कुणाला सांगू? तू कॉलेजभर बोंबलत सुटलास. प्राचार्याच्या बाईला आवडलं म्हणं, फिजिकच्या मास्तरला आवडलं म्हणं. त्यांना म्हैस मेली सांगू का इकली सांगू? आन् डबा बंद झाला तर तुझा माणूस माझ्या दारी सोमवारचा येईल व्हय?" शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून बोलली. मी मान खाली घातली.

तात्या ओट्यावर बसले होते. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. "वर्ष दीड वर्ष," ते म्हणाले, "वनस्पती खाल्लं मी. आणि पहिला नंबर दिला." मग आक्काच आधी हसली. तिचं हसू बघून तात्यांनाही आलं, आणि मला, आधी नको नको वाटूनही.

जाताना मी विचारलं, "तात्या, प्रकल्पात काय लिहू?"

"जे आलं ते लिही. नमुना सहा, गुलाबी."

"आणि नाव?"

"नावं कुणाचीच लिहायची नसतात, बदलापूर. एवढं सातवी शिकलेल्या मला पण कळतं."

सोमवारी मधल्या सुट्टीत ते शेठच्या डेअरीत गेले. मी जरा मागे उभी होते. शेठने त्यांना बघून गल्ल्यावरून उठायचं की नाही याचा विचार केला आणि बसूनच राहिले. तात्या म्हणाले, "शेठ, पुन्हा नळी लावली. तुमचं पास आहे. तेव्हाच लावायला हवी होती." शेठने गल्ला बंद केला. मग म्हणाले, "साईं, दो साल लगा दिए एक नळी धोने में." तात्या म्हणाले, "अर्धा किलो द्या. चांगलं बांधा, लांब जायचंय."

त्यानंतर सुरू झालं ते मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. शनिवारी मी शेठकडचं लोणी घेऊन बदलापूरला जायची. आक्का ते परातीत घेऊन गार पाण्याने तीन-चारदा धुवायची, पाणी नितळ होईपर्यंत. मग गोळा करून, वर बोटांचे चार ठसे उमटवून डब्यात ठेवायची. सोमवारी मी तोच डबा पुन्हा उल्हासनगरला आणायची. लोणी बाजारातून निघून दोन दिवस बदलापूरला राहून परत बाजाराच्या बाजूलाच यायचं. आई म्हणायची, "तुझ्यापेक्षा त्या लोण्याचाच पास काढा." लेबल बदललं नाही. मी एकदा न राहवून विचारलं की हे आता स्टँडर्ड कसं. तात्या म्हणाले, "म्हैस शेठची असेना. धुणारा हात कुणाचा आहे?" दर महिन्याला मात्र ते स्वतः स्टँडर्डला नळी लावायला लागले. प्राचार्यांच्या बाई म्हणाल्या, हल्ली आक्काच्या लोण्याला पूर्वीपेक्षा जास्त चव आली आहे. तात्या बाटल्या पुसत राहिले.

मी शेवटच्या वर्षाला होते त्या दिवाळीनंतर आक्का गेली. तेरावं झाल्यावर पहिल्या शनिवारी मी सवयीने शेठच्या दुकानासमोर उभी राहिले. त्यांनी न विचारता लोणी बांधून दिलं. सोमवारी मी ते तसंच डब्यात घालून नेलं. तात्या व्हरांड्यात भाकरी उघडून बसले होते. त्यांनी एक घास खाल्ला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण धुतलेलं नाही."

मग डबा माझ्याकडे सरकवला. "तू धुवून आण."

मी घरी आईला विचारून, गार पाण्यात, पाणी नितळ होईपर्यंत धुतलं. वर बोटं दाबली, पण ठसे वेडेवाकडे आले. दुसऱ्या दिवशी नेलं. तात्यांनी अंगठ्याने मनगटावर पसरलं, डोळे मिटले. "दाणा लागतो. नापास. पुढच्या सोमवारी परत आण."

ते आता निवृत्त झाले आहेत आणि मी एम.एस्सी.ला आहे. बी.एस्सी.ला मला पहिला वर्ग मिळाला. लोण्याला अजून मिळालेला नाही. दर सोमवारी मी त्यांच्या घरी डबा पोचवते, दर सोमवारी नापास होते, आणि मागच्या आठवड्याचा नापास डबा त्या वेळी घासूनपुसून रिकामा माझ्या हातात येतो.