वडिलांची ओळ

"हवं तर माझं नाव घाल. मला चालतंय की."

सर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून हे म्हणाले. तोंडाला बडीशेपेचा वास. वर्ग हसला. सर सगळ्यांच्या शेवटी हसले, स्वतःचा विनोद चघळत.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. मी गोकुळ रोडवरच्या एका कंपनीत होते. परदेशी नियतकालिकांचे लेख यायचे. शीर्षक कुठलं, लेखक कोण, परिच्छेद कुठे सुरू होतो, अशा खुणा लावून त्यांची एक्सएमएल फाइल करायची, हे आम्हा मुलींचं काम. त्या फाइलचं वेबपानात रूपांतर करणारा प्रोग्रॅम लिहिणारे दोघे आतल्या काचेच्या खोलीत बसत. मला त्या खोलीत जायचं होतं. हुबळीत जावाचे क्लास गल्लोगल्ली. हे रूपांतर शिकवणारा एकच सापडला, देशपांडे नगरात, एका दवाखान्याच्या वर. बंगळूरहून परतलेले सर. जुनं वकिलांचं घराणं.

"एक्सएमएल म्हणजे झाड. वंशावळीसारखं," असं सांगून त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या घराण्याची फाइल करायला लावली. फळ्यावर नियम लिहिला. कुलदैवत, वडील, आई, मुलं. वडिलांची ओळ सक्तीची. आईची असली तर असली.

पुढच्या रांगेतले गोत्रासकट पणजोबांपर्यंत पोचले. मी कुलदैवत लिहिलं, यल्लम्मा. आईचं नाव लिहिलं. वडिलांची ओळ गाळली. फाइल तपासणीत नापास झाली.

सरांनी माझ्या संगणकाचा पडदा वाचला. आमच्या भागात देवीचं नाव आणि बापाची मोकळी जागा शेजारी दिसली की पुढचं सांगावं लागत नाही. माझी आई देवीला सोडलेली. लहानपणीच, तिला न विचारता.

"वडील?"

"लिहायचे नाहीत."

"वारले असले तरी चालतात."

मग ते, स्वतःचं नाव देऊ करणारं वाक्य.

मागून एकजण म्हणाला, "होगली बिड्री, सर." जाऊ द्या.

"कसं जाऊ देऊ? मशीन घेत नाही. काहीही घाल गं. मशीनला खरंखोटं कळत नाही, ओळ नसली तेवढं कळतं."

खोटं मला नवीन नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर वडील म्हणून मामाचं नाव होतं. परीक्षेत, बँकेत, नोकरीत तेच चाललं. आताही बोट मामाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर गेलं होतं. सरांची किळस आलीच होती. आता त्या बोटाची आली. इतकी सवय?

मी फळ्याकडे पाहिलं. ही सक्ती वरून आलेली आहे असं मी समजत आले होते. ती माझ्यासमोर एका माणसाने खडूने लिहिली होती. त्याच्या बाहीवर अजून पूड होती.

"सर, नियम तुम्ही लिहिलाय. वडिलांची सक्ती काढा. आईची घाला."

"आणि बाकीच्यांचं?"

"त्यांनाही आया आहेत."

या वेळी कुणी हसलं नाही.

"तुझ्या एकटीसाठी नियम बदलत नसतात. तोंड धुऊन ये जा."

मी पिशवी उचलली आणि जिना उतरले. परत गेले नाही.

धारवाडजवळ केलगेरीला घरी आई भाकरी थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मामाचं घालायचं की. तो कधी नको म्हणलाय?" मला तिचा राग आला नाही. लपायला तिला शिकवलेलं होतं, आणि शिकवणारे उजळ माथ्याने हिंडत होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकाने, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, मला बोलावलं. सर त्याच्या ओळखीचे; त्यांचा फोन येऊन गेला होता.

"एक सॉरी म्हणून ये. आयतु, संपलं. क्लासचं सर्टिफिकेट आण, आतल्या खोलीत घेतो."

"सॉरी म्हणणार नाही. आणि अण्णा, माझ्या नोकरीच्या कागदावर वडील म्हणून आहे ते माझ्या मामाचं नाव आहे. ते खोडा. आईचं लिहा."

"डोकं फिरलंय काय अक्का? खोटी माहिती दिली म्हणून काढावं लागेल तुला."

"काढा. पण आधी ते खोडा."

रूपांतर मी शिकणार होते. बंगळूरला, पुण्याला, नाहीतर एकटीने पुस्तक घेऊन. जिथे शिकेन तिथे आईचंच नाव सांगेन. पुढचा, वडिलांचा प्रश्न ज्याला विचारायचा असेल त्याने माझ्या तोंडाकडे बघून विचारावा.